डावीकडचा स्पीकर

शनिवारी संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी डावीकडचा स्पीकर फाटला. आधी तो फडफडला, मग जाड कापड टरकावल्यासारखा आवाज आला आणि मागे नुसती घरघर उरली. खोलीत चार माणसं होती. तिघांनी कानांवर हात दाबून धरले होते. चौथ्याच्या हातात रिमोट होता.

"बघा," तो म्हणाला, "मी मघापासून सांगतोय, यालाच काहीतरी झालंय."

हा चौथा माणूस घरचा कर्ता. तो एका कारखान्यात क्रेन चालवतो. शेडच्या छताखाली रुळांवरून क्रेन फिरते, तिला लोखंडी केबिन टांगलेली आहे आणि त्या केबिनमध्ये तो वीसेक वर्षं बसत आला आहे. मोटर आणि गिअरबॉक्स डाव्या बाजूला, हातभर अंतरावर. मध्ये एक पत्रा. वॉकीटॉकीही त्याच बाजूला टांगलेली. खालचे कामगार त्याला ‘वरचा’ म्हणतात. ओझं उशिरा आलं की ‘वरच्याची मर्जी’, वेळेवर आलं की ‘वरच्याची कृपा’. त्याला हे नाव आवडतं.

खाली ओझ्याला पट्टे बांधणारा आणि वॉकीटॉकीवर ‘घ्या, सोडा, थांबा’ सांगणारा माणूस म्हणजे त्याचा मेव्हणा, बायकोचा धाकटा भाऊ. ही नोकरी त्याला दाजींनीच लावून दिली. शनिवारी तोही त्या खोलीत होता. कानांवर हात ठेवणाऱ्या तिघांपैकी एक तो, दुसरी त्याची बहीण आणि तिसरी कॉलेजात जाणारी भाची.

होम थिएटरची सुरुवात टीव्हीवरच्या भांडणातून झाली होती. टीव्हीचा आवाज रोज थोडा थोडा वाढत होता. मुलगी अभ्यासाला मैत्रिणीकडे जाऊ लागली. खालच्या मजल्यावरच्या बाई एकदा वर येऊन म्हणाल्या, "तुमच्या मालिकेत काल काय झालं ते आम्हाला सगळं कळलं. आमची मालिका मात्र बुडाली." क्रेनवाल्याचं म्हणणं एकच होतं: हल्लीचे टीव्ही कागदासारखे चपटे, त्यांच्यात आवाज राहणार कुठे? स्फोट ऐकू येतात, माणसं बोलतात ते ऐकू येत नाही.

"नाचता येईना अंगण वाकडं," बायको म्हणाली होती. पण ती हे स्वयंपाकघरात, त्याच्याकडे पाठ करून म्हणाली होती. त्याने रिमोट उचलून आवाज आणखी वाढवला.

ओव्हरटाइमच्या पैशांत जेवढं बसेल तेवढंच घ्यायचं, हे पहिल्यापासून ठरलेलं होतं. एका डब्यात सगळं मिळणारा नवा सेट त्याने दुकानात उचलून पाहिला आणि खाली ठेवला. "रिकामे डबे आहेत. माझा जेवणाचा डबा याच्यापेक्षा जड असतो." मग जुना बाजार सुरू झाला. मेव्हण्याला घेऊन तो सुट्टीच्या दिवशी फिरायचा. जुन्या बाजारातला दुकानदार तोंडाने फटकळ होता, पण सल्ला सरळ द्यायचा. आधी ॲम्प्लिफायर, मग पुढचे दोन स्पीकर, मग मधला. मागचे दोन सगळ्यात शेवटी, कारण त्यांच्यातून पाऊस आणि हेलिकॉप्टरच तेवढं येतं.

"मधला कशाला?" मेव्हण्याने विचारलं.

"माणसं बोलतात ती मधल्यातून. टीव्हीच्या खाली ठेवायचा."

"मग मधला चांगल्यातला द्या," क्रेनवाला म्हणाला. "बाकीचे कसलेही चालतील."

"साहेब, लोक उलटं मागतात. म्हणतात, भिंती हलल्या पाहिजेत."

"भिंती दिवसभर हलवतो मी. मला बोलणं पाहिजे."

असं एकेक करत ते जमलं. ॲम्प्लिफायर एका बंद पडलेल्या हॉटेलातला होता, आतमध्ये तेलकट धूळ साचलेली. मेव्हण्याने तो उघडून मऊ ब्रशने साफ केला. पुढच्या दोन स्पीकरांची जोडी नव्हती, पण माप सारखं होतं. धमक देणारा मोठा खोका एका व्यायामशाळेतून आला आणि त्याच्या जाळीवर अजून पांढरी पावडर होती. स्टँड घेणं परवडणारं नव्हतं म्हणून रंगाच्या रिकाम्या डब्यांत वाळू भरली आणि त्यावर स्पीकर ठेवले. स्पीकरची म्हणून विकतात ती वायर महाग, म्हणून दिव्याची साधी वायर आणली आणि उलटसुलट जोड लागू नये म्हणून मुलीने प्रत्येक वायरच्या एका तारेला नेलपॉलिशचा ठिपका दिला. शनिवारी दुपारी मेव्हणा शिडीवर चढून मागचे दोन स्पीकर कपाटावर बसवत होता, तेव्हा त्याची बहीण दारात उभी राहून म्हणाली, "घर आहे की मंडप? आता नवरा-नवरी तेवढी आणा."

"नवरा आहे की," क्रेनवाला म्हणाला. "नवरी तू हो, खर्च नको."

ती हसली. त्या दिवशी घरातलं ते शेवटचं हसणं.

जुळणी झाल्यावर आवाज सारखे करायचं काम राहिलं. ॲम्प्लिफायरमध्ये त्याची सोय होती. तो एकेका स्पीकरमधून पाळीपाळीने कुकरची वाफ सुटल्यासारखा ‘हिस्स’ असा आवाज सोडत होता. मधल्या खुर्चीत बसायचं आणि प्रत्येक स्पीकरचा आवाज सारखा वाटेपर्यंत रिमोटने कमी-जास्त करायचा.

"बाबा, मोबाइलवर मोजता येतं," मुलगी म्हणाली. "आकडाच दाखवतो."

"मोबाइल सिनेमा बघणार आहे का? माझ्या कानांना काय धाड भरलीय?"

तो खुर्चीत बसला. उजवा स्पीकर लगेच जमला. मधला त्याने बराच वाढवला. डाव्याशी आल्यावर तो बटण दाबतच राहिला.

"दाजी, डावा कमी करा."

"कमी काय? वाजतच नाही तो."

"वाजतोय की! कान फुटायची वेळ आली."

"जोड सैल असेल. बघ जरा."

मेव्हण्याने जोड पाहिले. घट्ट होते. मग त्याने कारखान्यात करतो तेच केलं. ओझं एका बाजूला कलायला लागलं की आधी पट्टे अदलाबदल करून बघायचे, म्हणजे दोष पट्ट्यात की ओझ्यात ते कळतं. त्याने डावा स्पीकर उचलून उजवीकडे ठेवला, उजवा डावीकडे आणला आणि वायरीही बदलल्या.

"आता?"

"उजवा ठीक आहे. डाव्याचं तेच."

"दाजी, हा मघाचा उजवा आहे."

"मग दोन्ही भंगारात घाल. जोडी नसली की असंच होणार."

मेव्हण्याने वायरी खाली ठेवल्या. मग त्याने खुर्चीकडे बोट दाखवलं. "एकदा उलटं बसा. भिंतीकडे तोंड करून."

"हा काय खेळ आहे?"

"बसा तरी."

क्रेनवाला उलटा बसला. आता तोच स्पीकर त्याच्या उजव्या कानाशी आला. ‘हिस्स’ सुरू झालं आणि तो खुर्चीतच दचकला. दचकलेला सगळ्यांनी पाहिला. मुलीने आईकडे बघितलं. आई जमिनीकडे बघत होती.

तो उठला, खुर्ची त्याने सरळ करून घेतली, परत बसला आणि एक सिनेमा लावला. गर्दीत दोन माणसं बोलताहेत असा प्रसंग होता. त्याने आवाज वाढवला. तिघांचे हात कानांवर गेले. त्याने आणखी वाढवला. पाच वाजून दहा मिनिटांनी स्पीकर फाटला तो असा.

*

मेव्हणा हात धुवायला म्हणून स्वयंपाकघरात गेला. त्याची बहीण तिथेच होती.

"तुला माहीत होतं, ताई?"

"बेल वाजली की तो माझ्याकडे बघतो. मी उठले तर उठतो. किती वर्षं झाली याला." तिने ओट्यावरचं फडकं उगाच पिळलं. "टीव्ही बदलून झाला, आता हे. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला."

"पण कारखान्यात दरवर्षी कान तपासतात. दाजी पास होतात."

"डोळ्यांनी पास होतो. आवाज सोडायचं बटण दाबताना त्या तपासणाऱ्या बाईंचं कोपर हलतं म्हणे. कोपर हललं की हा बोट वर करतो. मला हसत हसत सांगितलं होतं त्याने, मोठा पराक्रम केल्यासारखं."

मेव्हणा स्टुलावर बसला. तो खालून वॉकीटॉकीवर बोलतो तेव्हा त्याचा दुसरा हात आपोआप हलतो. ‘घ्या’ म्हणताना बोट वर, ‘सोडा’ म्हणताना खाली, ‘थांबा’ म्हणताना मूठ. ही त्याची पहिल्यापासूनची सवय. नियमाप्रमाणे त्याची गरज नव्हती. सगळे म्हणायचे, या दोघांची जोडी काय जमलीय, खालचा बोलायच्या आत वरच्याला कळतं.

"ताई, सोमवारी पत्रा दाबायचा नवीन प्रेस बसवायचाय. त्याचा तळ खड्ड्यात सोडायचा आहे. खड्डा शेडच्या टोकाला, पत्र्याच्या आडोशामागे. केबिनमधून खालचं काहीच दिसत नाही. सगळं वॉकीटॉकीवर."

"आणि खड्ड्यात कोण?"

"मीच."

तिने फडकं खाली ठेवलं. बाहेरच्या खोलीत तो स्पीकरचे स्क्रू काढत होता, त्याचा आवाज येत होता.

"त्याच्या आधीच्या क्रेनवाल्याचं काय केलं ते तूच सांगितलं होतंस," ती म्हणाली. "तपासणीत नापास झाला, तर गेटवर खुर्ची दिली. मग वर्षभरात खुर्चीही काढून घेतली. पोरीचं शिक्षण अर्धवट आहे. तू कुठे काही बोलू नकोस रे."

"आणि मी खाली असताना?"

"तू त्याच्याशी बोल. घरातल्या घरात. पण कारखान्यात नको."

*

रविवारी सकाळी दोघं फाटलेला स्पीकर घेऊन जुन्या बाजारात निघाले. स्पीकरमधला फाटका कागद बदलून मिळतो, असं दुकानदाराने फोनवर सांगितलं होतं. क्रेनवाला खुशीत होता, निदान तसं दाखवत तरी होता. कागद बदलल्यावर आवाज कसा मोकळा होतो, यावर तो बोलत राहिला.

"दाजी," मेव्हणा मध्येच म्हणाला, "उद्या खड्ड्यात मी असणार."

"मग? मी वर असणार. काळजी कसली?"

"मी ‘थांबा’ म्हटलं तर कळेल तुम्हाला?"

क्रेनवाल्याने त्याच्याकडे नीट पाहिलं. "ताईने कान भरले वाटतं तुझे."

"कोणी भरले नाहीत. काल मी बघितलं ना."

"काल काय बघितलंस? फाटका स्पीकर. तुझा आवाज मला पाठ आहे, मेव्हणे. झोपेतून उठवलंस तरी सांगेन, घ्या म्हणतोस की सोडा. तुला या कामाला मी लावलं. मी तुझ्या डोक्यावर ओझं सोडेन?"

पुढे गल्ली अरुंद झाली, दोन्ही बाजूंना दुकानं आणि हातगाड्या. मेव्हणा मुद्दाम त्याच्या डाव्या बाजूला आला, अर्धं पाऊल मागे राहिला आणि दुकानांकडे तोंड करून, वॉकीटॉकीवर बोलतो तेवढ्याच आवाजात म्हणाला, "थांबा."

क्रेनवाला चालत राहिला.

"दाजी, थांबा!"

पुढे चाललेली एक अनोळखी बाई थांबली आणि वळून बघू लागली. हातगाडीवाल्याने गाडी रोखली. "काय झालं?" त्याने विचारलं. क्रेनवाला स्पीकर छातीशी धरून त्या दोघांमधून वाट काढत पुढे गेला. कोपऱ्यावर पोहोचल्यावर त्याने सोबत कोणी नाही हे पाहिलं आणि मागे वळून ओरडला, "अरे, तिथे काय करतोयस? चल की!"

दुकानदाराने स्पीकर उलटापालटा केला. "हा फाटला कसा? एवढा वाजवला कोणी?"

"माल कच्चा होता," क्रेनवाला म्हणाला.

दुकानदाराने मेव्हण्याकडे पाहिलं. मेव्हणा म्हणाला, "कधी मिळेल?"

परत येताना मेव्हण्याने पुन्हा विषय काढला. उद्या आजारी म्हणून रजा टाका. एक दिवस. कोणीतरी दुसरा क्रेन चालवेल. मग आपण बाहेरच्या डॉक्टरला दाखवू, कानात यंत्र बसवू, हल्ली लहान मिळतात, केसांत दिसतही नाहीत.

"यंत्र लावून क्रेनवर बसू देतात?"

"विचारू."

"विचारायला गेलो की संपलं. आणि ऐक, उद्या तळ बसवायचं काम आहे. एवढं मोठं ओझं या शेडमध्ये कधी उचललं नाही. ते मी सोडून त्या शिकाऊ माणसाच्या हातात देऊ? तुला तो चालेल डोक्यावर?"

"तो ऐकतो तरी," मेव्हणा म्हणाला.

हे शब्द क्रेनवाल्याच्या उजव्या बाजूला, समोरासमोर बोलले गेले. ते त्याला ऐकू गेले. घरापर्यंत तो दोन पावलं पुढेच चालत राहिला. जिन्याशी मात्र थांबून म्हणाला, "भीती वाटत असेल तर तू रजा टाक."

*

सोमवारी सकाळी फोरमन खड्ड्याच्या तोंडाशी उभा होता. रात्रभर झिरपलेलं पाणी पंपाने काढणं चालू होतं. पंपवाला गुडघाभर चिखलात उभा होता. मेव्हण्याने फोरमनला बाजूला घेतलं.

"साहेब, एक माणूस आडोशाच्या बाहेर उभा करू. मी खालून सांगतो, तो बाहेरून क्रेनला हात दाखवेल."

"वॉकीटॉकी कशाला दिलीय? गळ्यात घालून मिरवायला?"

"जोडीला हात असला तर बरं."

"दोन माणसं दोन गोष्टी सांगतात आणि मग ओझं तिसरीकडे जातं. एक वॉकीटॉकी, एक आवाज. तुम्हा दोघांची जोडी तर नावाजलेली. आज काय झालं? कारण सांग."

मेव्हण्याने वर पाहिलं. केबिन शेडच्या मधोमध होती. काचेमागे दाजी बसले होते आणि रुमालाने काच पुसत होते. कारण एका वाक्यात सांगता येण्यासारखं होतं.

"कारण काही नाही," तो म्हणाला. "माझी कंबर धरलीय. मला खड्ड्यात उतरता येणार नाही."

"आता सांगतोस?"

"रात्रीपासून आहे."

फोरमन वैतागला, पण कंबर धरलेला माणूस तो खड्ड्यात उतरवणार नव्हता. "अरे पंपवाल्या, तू खालीच आहेस ना? याच्याकडून वॉकीटॉकी घे. घ्या, सोडा, थांबा. एवढंच बोलायचं. येईल?"

"तीनच शब्द आहेत, साहेब," खालून पंपवाला म्हणाला. "घरी तर मला तेवढेही बोलू देत नाहीत."

वरचे चार-पाच जण हसले. मेव्हणा खड्ड्याच्या काठावर वाकला आणि त्याने वॉकीटॉकी पंपवाल्याच्या हातात दिली. देताना म्हणाला, "ओझ्याच्या खाली जाऊ नकोस. काही झालं तरी कोपऱ्यात राहा."

"कोपऱ्यातच पंप आहे. जाऊ कुठे?"

"मोठ्याने बोल."

"यंत्रात हळू बोललं तरी चालतं म्हणाले ना?"

"तू मोठ्याने बोल," मेव्हणा म्हणाला. त्याला आणखी काही सांगायचं होतं, पण फोरमन शेजारीच उभा होता.

"कंबर धरलीय तर दवाखान्यात जा," फोरमन म्हणाला. "इथे कामात घोटाळू नकोस. उचलायला सुरुवात झाली की आडोशाच्या आत जास्तीचं कोणी नको."

कारखान्याचा दवाखाना शेडच्या बाहेर, रस्त्याच्या पलीकडे आहे. दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत बाक, आतल्या खोलीत डॉक्टर. बाकावर बोट कापलेला एक कामगार आधीच बसला होता. मेव्हणा त्याच्या शेजारी बसला. शेडचं मोठं दार तिथून दिसत होतं. दारातून क्रेनचा अर्धा भाग दिसत होता, केबिन दिसत नव्हती.

त्याने बहिणीला फोन लावला.

"मी खड्ड्यात नाहीये," तो म्हणाला.

पलीकडून ती रडायला लागली. "बरं झालं. देव पावला. मी रात्रभर..."

"दुसरा आहे."

ती थांबली. "कोण?"

"पंपवाला. तुझ्या ओळखीचा नाही."

थोड्या वेळाने तिने विचारलं, "त्याला माहीत आहे?"

"नाही."

"मग तू तिकडे काय करतोयस?" बहीण म्हणाली. तिच्या आवाजात राग होता की भीती, ते त्याला कळलं नाही. काल-परवा तिनेच त्याला गप्प राहायला सांगितलं होतं, हे त्याला म्हणावंसं वाटलं. त्याने फोन ठेवला.

तेवढ्यात आत गेलेला बोट कापलेला कामगार पट्टी बांधून बाहेर आला. डॉक्टरांनी आतून हाक मारली. मेव्हणा आत गेला आणि उभाच राहिला.

"बसा. काय होतंय?"

"मला काही होत नाही, डॉक्टर."

"मग आलात कशाला?"

"क्रेनवाल्याला ऐकू येत नाही."

डॉक्टरांनी त्याच्याकडे पाहिलं, मग संगणकाच्या पडद्याकडे. "त्यांची तपासणी तर मागच्याच महिन्यात झाली. चांगली आहे."

"ती खोटी आहे. तो बाईंचं कोपर बघतो. आत्ता तो ओझं उचलतोय, खाली माणूस आहे. फोरमनला फोन करा."

"तुम्ही कोण त्यांचे?"

"मेव्हणा."

"काही घरगुती भांडण?"

"डॉक्टर, फोन करा."

डॉक्टरांनी फोन उचलला आणि फोरमनच्या ऑफिसचा नंबर लावला. तिथे कोणी उचलत नव्हतं. फोरमन खड्ड्याजवळ होता. मेव्हणा तोवर बाहेर पडून रस्ता ओलांडत होता. तो पळत होता, हे दवाखान्याच्या दारात पट्टी बांधून उभ्या असलेल्या कामगाराने पाहिलं.

प्रेसचा तळ दहा वाजून वीस मिनिटांनी जमिनीवरून उचलला गेला. ओझं उचलताना वाजतो तो भोंगा तेव्हा वाजला आणि तो बाहेर रस्त्यापर्यंत ऐकू आला. मेव्हणा तेव्हा शेडच्या दाराशी पोहोचला होता. आडोशाची साखळी लावलेली होती आणि तिथल्या माणसाने त्याला अडवलं होतं. ओझं आडोशाच्या वरून सरकत खड्ड्यावर आलं आणि खाली जाऊ लागलं. खड्ड्यातून ‘थांबा’ अशी आरोळी आली, साखळीपाशी अडवणारा माणूसही वळून बघू लागला, आणि ओझं खाली जातच राहिलं.